माझ्या देखरेखीखाली

आमच्या असोसिएशनचा अध्यक्ष निवडून येत नसे, तो ठरत असे. मावळते अध्यक्ष, दोन-तीन जुने सभासद आणि चहाचा एक थर्मास एवढ्यावर ते काम भागायचं. नंतर बाकीच्यांना फोन जायचा, ‘अमुक उभा राहतोय, तुमची हरकत नाही ना?’ हरकत कोणाचीच नसायची. पनवेल आणि उरण भागात काम करणारे आम्ही आर्किटेक्ट. त्याच त्या कचेऱ्यांच्या बाकांवर शेजारी शेजारी ताटकळत बसलेले असतो. तिथे हरकत घेऊन कोण कुठे जाणार? म्हणून एका वर्षी खरोखरची निवडणूक झाली तेव्हा आमच्याकडे मतपेटीसुद्धा नव्हती. मिठाईच्या खोक्याला वरून चीर पाडून ती केली. त्या निवडणुकीतली एक उमेदवार मी होते.

मला ओळखणाऱ्यांना हे अजूनही खरं वाटत नाही. मी चार माणसांत बोलत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी. बोलण्याआधी वाक्य मनात एकदा तपासून घ्यायची सवय लागली, आणि तपासून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. नकाशाचं काम मला म्हणूनच आवडलं असावं. रेघेला उच्चार नसतो.

मला उभं केलं दामले सरांनी. कॉलेज संपल्यावर पाच वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं होतं. नंतर स्वतःचं छोटं ऑफिस काढलं तेव्हा पहिलं टेबल त्यांनीच पाठवलं.

“अनुजा, या वेळी तू उभी राहा,” ते म्हणाले.

“मी का, सर?”

“तुझ्यावर कोणाचा राग नाही.”

“मी कोणाशी कधी काही बोललेच नाही.”

“म्हणूनच.”

थर्मासवाल्यांना ते पटलं. भोईरांना पटलं नाही. नितीन भोईर उलव्याच्या बाजूचे, गावातून शिकून आर्किटेक्ट झालेले पहिले. दांडगा आवाज, हातात कायम दोन फोन. त्यांनी बैठकीत सरळ सांगितलं, “शहर आमच्या जमिनीवर उभं राहिलं आणि अध्यक्ष तुमच्या थर्मासात ठरतो. या वेळी मी अर्ज भरणार.” आणि भरला. माझ्यावर त्यांचा राग नव्हता. मला भेटले की म्हणायचे, “मॅडम, तुम्ही गप्प बसा, मी बोलत राहतो. बघू कोणाला मतं पडतात.”

अर्जाबरोबर एक पानभर लिहून द्यायचं होतं, निवडून आल्यावर काय करणार ते. मी एकच गोष्ट लिहिली. ती कळायला आमचा धंदा थोडा सांगावा लागेल.

लोकांना वाटतं आर्किटेक्ट नकाशा काढतो आणि त्याचं काम संपतं. नकाशा हे निम्मं काम. घर बांधून झालं की एक दाखला द्यावा लागतो. ‘सदर बांधकाम माझ्या देखरेखीखाली झाले आहे’, आणि खाली सही. हा दाखला बँकेला लागतो, कचेरीला लागतो, सगळ्यांना लागतो. देखरेख फार कोणाला लागत नाही. गावोगावी ठेकेदार घरं बांधतात, नकाशा एखादा ड्राफ्ट्समन काढून देतो आणि शेवटी सही आणायला कोणी तरी आर्किटेक्टकडे येतो. याला आमच्यात ‘सही देणं’ म्हणतात. पाणी देणं, जागा देणं, तसं सही देणं. वाईट काही करतोय असं कोणाच्या मनातही येत नाही.

पण काही गोष्टी फक्त डोळ्यांनी बघता येतात, आणि त्याही ठरावीक दिवशी. बाल्कनीचंच घ्या. बाल्कनी एका बाजूने भिंतीला धरलेली असते, दुसरी बाजू हवेत. तिच्या मुख्य सळया काँक्रीटच्या वरच्या अंगाला असाव्या लागतात. त्या बांधलेल्या असतात बरोबर, पण काँक्रीट ओतताना मजूर त्यांच्यावरून चालतात आणि सळया दबून खाली बसतात. तेव्हा तिथे कोणी उभं राहून ‘थांबा, उचला’ म्हणायचं असतं. एकदा काँक्रीट ओतलं की सळई वर आहे की खाली, हे वरून बघून देवालाही कळत नाही. बाल्कनी छान दिसते. मग एक दिवस ती पडते, किंवा कधीच पडत नाही.

म्हणून मी लिहिलं, प्रत्येक कामाची भेटवही ठेवायची. पाया, स्लॅबच्या सळया आणि शेवट, अशा तीन भेटी, तारखेसह. वहीची प्रत घरमालकाकडे द्यायची. वहीशिवाय आमच्या सभासदाने दाखल्यावर सही करायची नाही.

मग प्रचार. मी एका कागदावर वाक्यं लिहून घेऊन एकेका सभासदाकडे जात असे. मराठी वाक्यं, पण लिहिलेली इंग्रजी अक्षरांत. भोईरांनी तो कागद एकदा पाहिला आणि पुढे सगळ्यांना सांगत सुटले, “मॅडमचं मराठीसुद्धा इंग्लिशमध्ये असतं.” द्रोणागिरीत एक गृहस्थ फक्त गोदामं काढतात. त्यांनी माझा कागद दोनदा वाचला. “माझं काम म्हणजे पत्र्याची पेटी. तिला बाल्कनी नाही, खिडकी नाही, आत माणूस नाही. भेटायला कोणाला जाऊ? मत देईन, पण मला या वहीतून सोडा.” आपट्याला नदीकाठी बंगले काढणारे एक वयस्कर सभासद होते. त्यांनी मला सोलकढी दिली, पाताळगंगेचं पाणी दाखवलं, तासभर बसवून घेतलं आणि निघताना म्हणाले, “तू चांगली मुलगी आहेस. पण सही दिली नाही तर माणसं तुटतात गं.” मी मान हलवली. बाहेर रिक्षात बसल्यावर उत्तर सुचलं.

मतदानाला आठवडा उरला होता तेव्हा यमुनाबाई घरत माझ्या ऑफिसात आल्या. नऊवारी गुडघ्याशी ओढून घेतलेली, काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळी. बरोबर त्यांची मुलगी, शाळेच्या गणवेशातली. त्यांना भोईरांनी पाठवलं होतं. भोईरांच्या शेजारच्याच गावच्या त्या.

“नितीन बोलला, सहीचा काय आसंल तं त्या मॅडमला इचार. त्या निवडणुकीला उभ्या हायेत सहीवर.”

त्यांच्या गावची जमीन विमानतळात गेली होती. घरांची मोजणी चालू होती, म्हणून त्यांनी ट्रंकेतली सगळी कागदपत्रं बाहेर काढली होती. त्यात घराचा नकाशा आणि दाखला सापडला. हे कर्जासाठी कधी तरी ठेकेदाराने करून दिलेले कागद. कोणी उघडून पाहिले नव्हते. आता मुलीने वाचून दाखवले.

“ही वाचते, माज्या देखरेखीखाली. देखरेख म्हंजे काय गो, बाय?”

“म्हणजे... काम चालू असताना येऊन बघणं.”

“कोनी नाय आला.” त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं. “ठेकेदार यायचा, मिस्त्री यायचा. नकाशावाला एक डाव बी नाय आला. आन् माज्या मालकाची कंबर मोडली, बाय.”

घर बांधून दुसऱ्याच वर्षी त्यांच्या घराची बाल्कनी पडली होती. नवरा हिरामण बाल्कनीत वाळत घातलेली सुकट आत घ्यायला गेला होता, आभाळ भरून आलं म्हणून. बाल्कनी मुळापासून सुटली. तो वाचला, पण कंबरेखालचं शरीर लुळं पडलं. ठेकेदार म्हणाला, तुम्ही वजन ठेवलं असेल. मग ठेकेदारही गाव सोडून गेला.

“वजन कसला, सुकटीचा?” त्या म्हणाल्या. “मला पैसा नको. मला त्या सहीवाल्याला येक डाव बघायचा हाय. त्याला इचारायचा हाय, तू आलास नाय तं तू आलास म्हनून लिवलास कसा?”

मी गुंडाळी उलगडली. अमोनियाच्या प्रिंटचा तो जुना निळा कागद, कडा पिवळ्या पडलेल्या. खालच्या कोपऱ्यात शिक्का, दामले सरांचं नाव आणि सही. आत गुंडाळलेल्या दाखल्यावरही तेच.

सरांची सही त्यांच्या आडनावाची, इंग्रजीत. तिच्यातला डी नेहमी वरून उघडा राहायचा, जणू घाईत दार लावायचं राहिलं आहे. या दोन्ही कागदांवरचा डी बंद होता. नीट, गोल, वळणदार. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी चार रेघी वहीत गिरवून घेतलेला डी.

आमच्या ऑफिसची पद्धत अशी होती. एका नकाशाच्या सहा प्रती, एका प्रतीत चार कागद, असे गठ्ठे रोज निघायचे. सरांचा हात दुखायचा. मी रुजू झाले त्याच महिन्यात त्यांनी एक कोरा कागद पुढे केला आणि म्हणाले, “माझी सही गिरवून बघ.” दोन दिवसांत मला जमली. मला त्याचा अभिमान वाटला होता. बाहेर कोणाशी बोलता येत नव्हतं, पण सरांची सही माझ्या हातात होती. नंतर प्रतींवरच्याच नाही, दाखल्यांवरच्याही सह्या मी करू लागले. कुठलं गाव, कुठलं घर, मी पाहत नसे. उलट्या ठेवलेल्या गठ्ठ्याचे कोपरे तेवढे उचलायचे, सही करायची, पुढचा कोपरा.

“तुमी वळखता का या मानसाला?” यमुनाबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, “चौकशी करते.”

मुलगी माझ्याकडे बघत होती. ती आईसारखी नव्हती, ती माणसाचा चेहरा वाचत होती. मी कागदाची गुंडाळी केली आणि परत दिली.

दुपारीच सरांकडे गेले. ते तेव्हा काम जवळजवळ बंद करून घरीच असत. मी सांगत असताना ते मोसंबं सोलत होते.

“सर, आपण त्या साइटवर गेलो होतो का?”

“त्या काळात आपण कुठे कुठे गेलो असू, अनुजा? दिवसाला सही मागायला किती यायचे, तूच बघायचीस.”

“सही मी केली आहे.”

“नाव माझं आहे. माझ्या नावाची सही म्हणजे माझी सही. तू हात होतीस.” त्यांनी एक फोड माझ्यापुढे धरली. “तू आता हे बोललीस तर नाव माझं जाईल. तुझं नाही जाणार. तुला कोणी काही म्हणणार नाही, बिचारी म्हणतील. ते तुला हवं असेल तर बोल.”

मी फोड घेतली. थोड्या वेळाने ते म्हणाले, “निवडणूक होऊ दे. मी स्वतः जाईन त्या बाईकडे.”

मला ते ऐकायला बरं वाटलं. आता लिहिताना कळतं, तेवढंच ऐकायला मी तिथे गेले होते.

मतदानाच्या सभेत दोन्ही उमेदवारांनी पाच पाच मिनिटं बोलायचं होतं. भोईर बारा मिनिटं बोलले. मी तीन मिनिटांत संपवलं. मग प्रश्न. भोईर पहिल्या रांगेतून उठले.

“मॅडम, वही चांगली हाय. मी निवडून आलो तं मी बी आणीन. फक्त एक सांगा. आमी सगळे सही देतो, मी बी दिल्यात. खोटं कशाला बोलू? तुमची अशी एकही सही नाय का, जिथं तुमचा पाय नाय?”

सगळे हसले, कारण माझ्यासारख्या मुलीला हा प्रश्न विचारणं हीच त्यांना गंमत वाटली. दामले सर दुसऱ्या रांगेत होते. ते चष्मा पुसत होते.

वाक्य मनात तपासून घ्यायची माझी सवय त्या दिवशी मला फार उपयोगी पडली. मी म्हटलं, “माझ्या सहीची प्रत्येक साइट मी स्वतः पाहिलेली आहे.”

शब्दाला शब्द खरं होतं. माझ्या नावाने मी सही करू लागले तेव्हापासून एकही जागा न बघता सोडली नव्हती. टाळ्या पडल्या. सर्वांत आधी भोईरांनीच वाजवल्या. “मानलं मॅडम,” ते म्हणाले आणि खाली बसले.

नऊ मतांनी मी निवडून आले. खोका उघडून मोजणी झाल्यावर भोईर हार घेऊन आले. हार माझ्या हातात देताना हळूच म्हणाले, “यमुनाकाकीचं बघा तेवढं. रोज विचारते मला.”

अध्यक्ष म्हणून मी काय केलं ते सांगण्यासारखं फारसं नाही. वृक्षारोपण केलं, टाइल्सच्या एका कंपनीचं व्याख्यान ठेवलं, कचेरीत आर्किटेक्टना बसायला पंख्याखालचं बाक मिळावं म्हणून तीन पत्रं लिहिली. बाक मिळालं, पंखा नंतर काढून नेला. आणि भेटवहीचा नियम पास करून घेतला. त्या सभेत एकही हात विरोधात वर झाला नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आमच्या लोकांना अडचणीची गोष्ट इतक्या सहज पटत नाही.

सर यमुनाबाईंकडे गेले नाहीत. पहिल्या वर्षी मी दोनदा आठवण केली. मग त्यांची तब्येत बिघडली आणि आठवण करणं बरं दिसेना. भोईर विचारायचे, मी म्हणायचे, “जुने कागद आहेत, वेळ लागेल.” हळूहळू त्यांनी विचारणं बंद केलं. ते मला अजूनही मॅडम म्हणतात, पण आता थट्टा करत नाहीत. तेव्हापासून मला त्यांच्यासमोर बसवत नाही.

माझी मुदत संपली. नंतर दीड-दोन वर्षांनी सर गेले. शोकसभेत मी बोलावं असं ठरलं. मी बोलले, त्यांनी मला पहिलं टेबल दिलं त्याबद्दल. टाळ्या वाजवायची ती जागा नव्हती, तरी कोणी तरी वाजवल्याच.

सर गेल्यावर माझ्याकडे कारण उरलं नाही. मी भोईरांकडून पत्ता घेतला. त्यांनी का म्हणून विचारलं नाही, नुसता कागदावर लिहून दिला.

यमुनाबाईंचं गाव तोवर उठलं होतं. पुनर्वसनाच्या भूखंडावर त्यांचं नवं घर उभं होतं. सरळ रस्ते, सारख्या मापाचे प्लॉट, प्रत्येक घराला वेगळा भडक रंग. पुढच्या खोलीत खिडकीपाशी पलंगावर हिरामणदादा होते. त्यांनी हात जोडले. मला वाटलं होतं ते म्हातारे असतील. ते म्हातारे नव्हते.

मी चहाच्या आधीच सांगितलं. चहा घेऊन सांगणं मला जमलं नसतं.

“त्या जुन्या कागदावरची सही मी केली होती. नाव माझ्या सरांचं होतं. हात माझा होता. तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं.”

यमुनाबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. मग विचारलं, “तुजा वय काय व्हता तवा?”

“बावीस.”

त्यांनी आत पाहिलं. मुलगी आत केस विंचरत होती, कामावर निघायच्या तयारीत. “ही आता बाविशीची हाय,” त्या म्हणाल्या. ते माझ्यासाठी होतं की माझ्या विरोधात, मला आजही ठरवता आलेलं नाही.

“दादा, ऐकलंत?” मी पलंगाकडे वळून म्हटलं.

“ऐकला,” ते म्हणाले. “बरा झाला, सांगितलास. ही उगाच त्या ठेकेदाराला शिव्या द्यायची.” त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. 

मी उठायला लागले तेव्हा यमुनाबाईंनी कपाटातून एक फाइल आणली. या घराची. “आता सगला कागद नीट ठेवलाय. त्या नव्या नियमाचा पन हाय बग.” फाइलीत आमच्या असोसिएशनचं नाव छापलेली भेटवहीची प्रत होती. तो तक्ता मी स्वतः आखला होता, रकान्यांच्या रुंदीसकट. पाया, स्लॅबच्या सळया, शेवट. तीन तारखा, तीन शेरे, ‘काम समाधानकारक’, आणि आमच्या एका सभासदाची तीनदा सही. तिन्ही सह्या एकाच पेनाने, एकाच दमात केलेल्या. अक्षर कोवळं, काळजीपूर्वक, एकही वळण न चुकलेलं.

“हे आले होते का? तीन वेळा?”

“कोनी नाय आला. शेवटाला येक पोर आली व्हती, त्यांच्या हापिसातली. माजा आंगठा घ्याया. लय गरीब सभावाची. पानी बी नाय घेतला.”

मी पान मिटलं. त्या मला बाहेर सोडायला आल्या. घराला पुढच्या बाजूला बाल्कनी होती, गुलाबी रंगाची, कठड्याला कमळाची नक्षी. तिच्यावर काही वाळत घातलेलं नव्हतं. तिच्या दाराला आतून मोठी कडी आणि कुलूप होतं, ते दाराच्या काचेतून खालूनही दिसत होतं.

“आमी जात नाय तिच्यावर,” त्या म्हणाल्या. “नकाशात व्हती म्हनून बांधली. पन थोरल्या लेकीचा नवरा बोलतो, सन आला का तिथं तोरन लावाया पायजे.” त्या बाल्कनीखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि मला हाताने बोलावलं. “आता आलीस तं बग. तुला कलतं ना त्यातला? ठीक हाय का ती?”

मी त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले. मान वर करून पाहिलं. प्लास्टर साफ होतं, कुठे भेग नाही, कडा सरळ, उतार बरोबर. काम बघायला मी काही वर्षं उशिरा आले होते. यमुनाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मी वर बघत राहिले.